थकले की थकलो

१

अनुवादिका सापडली ती सकाळी, लिहायच्या टेबलावर डोकं टेकवलेली. नवऱ्याला आधी वाटलं, काम करता करता डोळा लागला असेल. दोन आठवडे ती आजारीच होती, बसल्या जागी पेंगायची. त्याने खांद्याला हात लावला आणि हात तसाच मागे घेतला.

टेबलावर गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप होत्या आणि तिच्या चष्म्याखाली एक छापील पान. पोलिसांनी ते उभ्या उभ्याच वाचलं.

"मी थकले आहे. दुसऱ्या कुणाच्या देहात, दुसऱ्या कुणाच्या पापांची शिक्षा भोगत मी इतक्या लांब आले. आता दार उघडा. बाहेर काळोख आहे, थंडी आहे, आणि माझ्या नावाने हाक मारणारं कुणी नाही. मला आणखी एक जन्म नको."

"ती करत होती त्या कादंबरीतलं असेल," नवरा म्हणाला. "तिनेच छापून ठेवलेलं दिसतंय."

शवविच्छेदनात सासूबाईंच्या हृदयाच्या गोळ्यांचा अंश निघाला, तोही भरपूर. किडनीचं दुखणं जुनं, घरात म्हातारं माणूस, मान मोडून करायचं काम. कंटाळली असेल बिचारी. फाइल बंद झाली आणि दोन महिन्यांनी स्ट्रिप आणि पान एका पारदर्शक पिशवीत घालून घरच्यांना परत मिळालं.

ती पिशवी घेऊन तिची मुलगी इन्स्पेक्टरबाईंकडे आली.

इन्स्पेक्टरबाई आता इन्स्पेक्टर राहिल्या नव्हत्या. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी पोलिसातली नोकरी सोडली आणि रंगाच्या दुकानावर एक खोली घेतली. ठरणाऱ्या लग्नातला मुलगा सकाळी डबा घेऊन खरंच कामावर जातो की बागेत जाऊन बसतो, असली कामं त्यांच्याकडे यायची. खोलीला टर्पेंटाइनचा वास होता. येणारा माणूस पहिल्यांदा नाक पुसायचा आणि मग बोलायला लागायचा. ही मुलगी नाक पुसायच्या भानगडीत पडली नाही.

"हे पान आईने ठेवलेलं नाही," ती म्हणाली.

एकोणीस-वीस वर्षांची होती. केस कसेतरी बांधलेले, डोळ्यांखाली काळं.

"भाषांतर तिचंच आहे ना?"

"भाषांतर तिचं. पान तिचं नाही." तिने पिशवी टेबलावर ठेवली. "तुम्ही असल्या गोष्टी वाचत नसाल. तारायान दुरुस्त करणारा एक मेकॅनिक असतो. इंजिनाखाली सापडून मरतो आणि जागा होतो तो एका दुष्ट राजकन्येच्या अंगात. रिकाम्या वेळात त्याने वाचलेल्या एका कथेतली खलनायिका असते ती. कथेच्या शेवटी तिला यानाबाहेर फेकून देतात, हे त्याला माहीत असतं. म्हणजे आता त्यालाच फेकणार."

"बरं."

"मूळ भाषेत 'मी' म्हटलं की बोलणारा पुरुष की बाई ते कळत नाही. आपल्याकडे लपवताच येत नाही. आई किती दिवस नुसती चरफडत होती. मग तिने ठरवलं, राजकन्या तोंडाने बोलते तेव्हा 'मी आले'. मनात बोलते तेव्हा 'मी आलो'. आतला माणूस मेकॅनिकच आहे ना!" तिने पानावर बोट ठेवलं. "हे तो मनात बोलतोय. आईने मला वाचून दाखवलं तेव्हा 'मी थकलो आहे' असं होतं. आणि पुढच्याच पानावर तो दारापासून मागे फिरतो. आईला मरायचं असतं तर तिने मागे फिरणाऱ्याचं पान कशाला निवडलं असतं?"

इन्स्पेक्टरबाईंनी मान हलवली. "पोरी, जीव द्यायला निघालेली बाई स्वतःपुरतं बदलून घेईल की. 'थकलो'चं 'थकले' करायला कितीसा वेळ लागतो?"

"मला पण तसंच वाटलं. रात्ररात्र तेच वाटायचं." मुलीचा आवाज खाली आला. "तिला मी मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले आहे. पण बाई, आमच्या घरच्या प्रिंटरची शाई ती आजारी पडायच्या आधीच संपली होती. मी आणणार होते, ते राहूनच गेलं. हे पान घरी छापलेलंच नाही."

इन्स्पेक्टरबाईंनी चष्मा लावला. घरी छापलेलं नाही म्हणजे बाहेरून आलं. आणि जी बाई दोन आठवडे घराबाहेर पडली नव्हती, तिच्या चष्म्याखाली ते कुणी आणून ठेवलं?

२

प्रकाशकाचं ऑफिस तळघरात होतं. पुस्तकांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत इन्स्पेक्टरबाई संपादकाच्या टेबलापर्यंत पोचल्या. कादंबरीमालिकेच्या आधीच्या भागांच्या मुखपृष्ठांवरून दुष्ट राजकन्या हातात तलवार घेऊन त्यांच्याकडे रागाने बघत होती.

संपादक पन्नाशीचा, बोलका आणि जरा घाबरट. पान बघताच म्हणाला, "हे आमचं."

"कशावरून?"

"'थकले' आहे ना! ते माझं काम. मनात पुरुष आणि तोंडाने बाई, वाचक वेडे होतील हो. एक जण तर फोन करून विचारत होता की तुमच्याकडे मुद्रितशोधक आहे की नाही. म्हणून या भागात मी सरसकट बायकी करून टाकलं. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणाली, प्रूफ पाठवा, मी एकेक ओळ परत फिरवते."

"म्हणजे तिच्याकडच्या प्रतीत 'थकलो' आणि 'थकले' फक्त तुमच्या प्रुफात."

"फक्त त्याच."

"शेवटचं बोलणं कधी झालं?"

संपादकाने टेबलावरची वाकडी टाचणी उचलली आणि ती उगाच सरळ करत बसला. "तिने जायच्या दोन-तीन दिवस आधी फोन केला होता. आवाज ओढलेला. मी मुखपृष्ठाचा नमुना पाठवला होता, त्याच्यावरून भडकली. म्हणाली, एवढा पिवळा कागद कुठून आणलात, राजकन्येला कावीळ झाल्यासारखी दिसते. बाई, कागद पांढराशुभ्र होता! मी आपला विनोद करायला गेलो. म्हटलं, कावीळ राजकन्येला नाही, तुम्हालाच झाली असेल. तिने फोन ठेवून दिला." त्याने टाचणी खाली ठेवली. "बारा वर्षं एकत्र काम केलं आम्ही. आणि शेवटचं वाक्य हे."

 इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं, "प्रूफ कुणाच्या हाती पाठवलंत?"

"तिच्या नवऱ्याच्या. त्यांचं घड्याळांचं दुकान इथून दोन गल्ल्या पलीकडे. आदल्या संध्याकाळी मीच जाऊन त्यांच्या हातात पाकीट दिलं."

नवऱ्याने पोलिसांना सांगितलं होतं, पान तिनेच छापलेलं दिसतंय. प्रुफाच्या पाकिटाबद्दल तो चकार शब्द बोलला नव्हता.

३

दुकानाकडे वळण्याआधी इन्स्पेक्टरबाईंनी एक फोन केला, पिवळ्या कागदाची हकिकत सांगायला. पोलिसातल्या दिवसांत ज्यांच्याशी रोज भांडण व्हायचं ते शवविच्छेदनाचे डॉक्टर आता घरी बसून नातवंडांशी भांडत होते.

"म्हाताऱ्या माणसांना हृदयासाठी देतात ना, ती गोळी," डॉक्टर म्हणाले. "अंगात साचत गेली की अन्न जात नाही, उलट्या होतात, आणि काहींना सगळं पिवळं दिसायला लागतं. किडनी अधू असेल तर आणखी लवकर साचते. घरच्यांना वाटतं किडनीचंच वाढलं."

"आणि एकाच वेळी मूठभर घेतल्या तर?"

"तर मग दोन-तीन दिवस आधी पिवळं कसं दिसेल? त्या बाईच्या पोटात ही गोळी आधीपासून जात होती. आमच्या माणसांनी फक्त किती ते पाहिलं, केव्हापासून ते कुणी विचारलंच नाही."

इन्स्पेक्टरबाईंनी फोन ठेवला. मुलीचं खरं होतं. ही आत्महत्या नव्हती. कुणीतरी रोज, थोडं थोडं करून, तिला ते औषध खाऊ घालत होतं.

घड्याळजी दुकानात एकटाच होता. डोळ्याला भिंग लावून तो एका मनगटी घड्याळाच्या पोटात बघत होता. बारीक अंगाचा, स्वच्छ दाढी केलेला माणूस. इन्स्पेक्टरबाईंनी नाव न सांगता सरळ विचारलं.

"बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी संपादकांनी तुम्हाला पाकीट दिलं होतं. त्याचं काय झालं?"

चिमटा हवेतच राहिला. भिंग न काढता तो म्हणाला, "तिला दिलं. तिनेच त्यातलं पान काढलं असेल."

"संपादक म्हणतात ती त्या प्रुफाची वाट बघत होती, एकेक ओळ फिरवणार होती. पाकीट मिळाल्यावर तिने एका ओळीलाही हात लावला नाही? नवऱ्याला चार शिव्याही नाही हासडल्या संपादकाच्या नावाने?"

"तिच्यात त्राण नव्हतं."

"बाकीची पानं कुठे आहेत?"

"जाळली."

"का?"

त्याने भिंग काढलं. त्या डोळ्याभोवती लाल वळ उठला होता. "तुम्हाला माझ्या मुलीने पाठवलंय ना?" त्याने विचारलं. "ती हल्ली रोज कुठेतरी जाते, विचारलं तर सांगत नाही. बाई, मी तुमच्या पाया पडतो. हे थांबवा. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा, मला घेऊन जा, पण तिला पुढे काही विचारू नका."

तपास थांबवा म्हणून इन्स्पेक्टरबाईंच्या पाया पुष्कळ लोक पडले होते. प्रत्येक जण स्वतःला वाचवायला बघायचा. मला घेऊन जा म्हणणारा हा पहिलाच. त्यांना तो खुनी वाटत होता, आणि त्याच वेळी तो खुनी वाटत नव्हता. त्यांनी ठरवलं, आता घर बघायचं.

४

घर दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. अनुवादिकेचं टेबल तसंच होतं. शब्दकोशांचे कोपरे झिजून गोल झालेले, आणि भिंतीवर तिने स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलेली चिठ्ठी: "राजकन्येने कमी ओरडावे."

मुलगी चहा करायला आत गेली. आजी पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, कान तल्लख, जीभ त्याहून.

"तुम्ही पोलिसातल्या ना? मग विचारा काय ते. आधीच्यांनी मला काही विचारलंच नाही. म्हातारीला काय कळतंय!"

"सुनेशी पटायचं?"

"कसलं पटतंय! दिवसभर त्या सटवीचं भाषांतर. मी म्हणायचे, अगं, एवढी दुष्ट बाई घरात कशाला आणलीस, मी आहे ना!" आजी हसायला गेल्या आणि त्यांना ते जमलं नाही. "माझे पाय दाबायची हो ती. स्वतः आजारी असताना. मी नको म्हणायचे."

"पाय दुखतात?"

"तेव्हा फुगले होते. खांबासारखे. रात्री आडवं झालं की श्वास कोंडायचा, उशा लावून बसायचे. पण सांगणार कुणाला? घरात ती उलट्या करत पडलेली. आणि तुम्हाला एक सांगू? ती गेली आणि आठवड्याभरात माझे पाय उतरले. बाहेर बोलायची सोय नाही. लोक म्हणतील, सुनेचं जाणं म्हातारीला मानवलं."

इन्स्पेक्टरबाईंच्या हातातली पिशवी खाली आली.

कुणी सुनेला मारायला सासूच्या गोळ्या चोरल्या असत्या, तर थोड्या जास्तीच्या आणल्या असत्या. सासूच्या तोंडची गोळी काढून घ्यायचं कारण नव्हतं. पण आजींचे पाय फुगले होते. म्हणजे त्या दोन आठवड्यांत आजींना त्यांची गोळी मिळतच नव्हती. आजींची सुनेला जात होती आणि सुनेची आजींना.

"तुमच्या गोळ्या चुकल्या होत्या का मध्ये?"

"छे हो. डब्यात असते ती रोज घेते. अजून एकदाही विसरले नाही."

मुलगी चहा घेऊन आली. इन्स्पेक्टरबाईंनी कप घेतला आणि शक्य तितक्या सहज विचारलं, "आजींचा गोळ्यांचा डबा कोण भरतं गं?"

"आता बाबा भरतात. मला हातसुद्धा लावू देत नाहीत." मुलीने शेल्फाकडे बघितलं. खणाखणांचा एक डबा तिथे होता. "आधी मीच भरायचे. आजीचा आणि आईचा, दोन्ही. दर रविवारी. लहानपणापासूनचं माझं काम ते. आजीची गुलाबी, आईची पांढरी. डोळे मिटूनसुद्धा भरेन."

चहा फार गरम होता. इन्स्पेक्टरबाईंनी तो तसाच प्यायला. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो विचारायला नको होता हे त्यांना तोंडातून निघाल्याबरोबर कळलं.

"आजींचे पाय सुजले ते नक्की केव्हापासून, आठवतं तुला?"

मुलगी उत्तर द्यायला गेली आणि थांबली. ती इन्स्पेक्टरबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

५

औषधवाला कोपऱ्यावरच होता. दोन्ही औषधं वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच जात.

"जुन्या कंपनीचा माल येईना, म्हणून दोन्ही दुसऱ्या कंपनीच्या दिल्या," तो म्हणाला. "औषध तेच. फक्त रंग वेगळे. या नव्या कंपनीची हृदयाची पांढरी येते आणि किडनीची गुलाबी."

"घरच्यांना सांगितलंत?"

"सांगितलं म्हणजे काय! त्यांची मुलगी आली होती. रंग बदललेत, नाव वाचून घे, असं म्हटलं मी. तिने मान हलवली." तो जरा चाचरला. "कानात ते गाण्याचं घातलेलं होतं तिच्या. मला वाटलं, मान हलवली म्हणजे ऐकलं."

इन्स्पेक्टरबाई परत घड्याळाच्या दुकानात गेल्या. घड्याळजीने त्यांना बघितलं आणि उठून दुकानाचं दार ओढून घेतलं.

"मी बोलते," त्या म्हणाल्या. "चुकलं तर थांबवा. तुमच्या बायकोला कुणी मारलं नाही. तिने स्वतःही जीव दिला नाही. गोळ्यांचे रंग बदलले आणि दोन डबे उलटे भरले गेले. आजी दिवसाला एकच गोळी घेतात, तुमची बायको तीन घ्यायची. म्हणजे तीनपट औषध तिच्या अंगात गेलं, आणि किडनी अधू, ते बाहेर पडेना. हे त्या सकाळी तुमच्या लक्षात आलं. रिकाम्या स्ट्रिप तुम्ही साठलेल्या सुक्या कचऱ्यातून काढल्यात." त्यांनी पिशवी उजेडात धरली. एका स्ट्रिपच्या फुटलेल्या कागदात चहाची पूड अडकलेली होती. "चहाच्या रिकाम्या पुड्याशेजारी पडून होत्या त्या. टेबलाशी बसून कुणी गोळ्या काढल्या असत्या तर ही पूड कुठून येणार? मग तुम्ही पाकीट फोडलंत आणि पान निवडलंत."

 भिंतीवरची घड्याळं आपापल्या वेळेने चालत होती.

"आमच्या घरच्या डॉक्टरांना फोन लावला होता मी," घड्याळजी म्हणाला. "ते म्हणाले, काय घेतलं होतं, नाव वाचून सांगा. मी तिच्या डब्यातली गोळी काढली. गोळीवर अक्षरं कोरलेली असतात, भिंगाशिवाय दिसत नाहीत. मी भिंग लावलं. ती तिची गोळी नव्हती. मग आईच्या डब्यातली पाहिली." त्याने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. "तेवढ्यात पोरगी उठून आली. तोंडात ब्रश. मला म्हणाली, बाबा, आईला चहा मी नेऊ का?"

"आणि तुम्ही फोन ठेवलात."

"ठेवला. म्हटलं, नको, मी नेतो. तू अंघोळ करून घे. तेवढाच वेळ होता माझ्याकडे, तिची अंघोळ होईपर्यंत. अपघात म्हटलं असतं तर पहिला प्रश्न काय आला असता? डबे कोण भरतं. तो प्रश्न मला येऊ द्यायचा नव्हता. पाकीट टेबलावरच होतं, तिने उघडलंही नव्हतं. मी मागून पानं उलटत गेलो. ते पान बाईच्या तोंडचं वाटलं. मी कुठे त्या गोष्टी वाचतो! आतला माणूस पुरुष आहे हे मला काय माहीत?"

"लोक तुमच्या बायकोला काय काय म्हणाले असतील."

"म्हणाले ना. तिच्या भावाने सगळ्यांदेखत माझी गचांडी धरली, तूच छळलंस म्हणाला. मी म्हटलं, हो." त्याने वर बघितलं. "ती गेली. तिला आता काही लागत नाही. पोरीला अजून सगळं आयुष्य काढायचंय. तुम्ही सांगा, मी चुकलो का?"

 आई आपल्याला टाकून गेली, किंवा आईला आपणच मारलं. दोन्हींपैकी एक त्या पोरीच्या पदरात पडणार होतं. नोकरीत असताना इन्स्पेक्टरबाई म्हणायच्या की खरं ते खरं, पुढचं बघायचं कोर्टाने. इथे कोर्ट नव्हतं.

"मी तिला सांगेन, आईनेच घेतल्या," त्या म्हणाल्या.

घड्याळजीने मान खाली घातली. 

६

मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. केस नीट विंचरलेले होते. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि इन्स्पेक्टरबाईंनी रात्रभर मनात जुळवलेलं बोलायला घेतलं.

"मी सगळ्यांना भेटले. संपादकांनी प्रूफ पाठवलं होतं, त्यातलं ते पान. पाकीट तुझ्या आईनेच उघडलं. माणूस फार आजारी असला ना, की त्याच्या मनाचं…"

"रंग बदलले होते," मुलगी म्हणाली.

इन्स्पेक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही डब्याचं विचारलंत. मग आजीच्या पायांचं विचारलंत. मग चहा एका दमात पिऊन निघून गेलात, पोळत असताना." तिचा आवाज सपाट होता. "मी बाबांनी भरलेला डबा उघडून बघितला. आजीची पांढरी आहे. मग औषधवाल्याकडे गेले. मला बघून तो रडायलाच लागला हो. म्हणाला, तुला सांगितलं होतं मी."

"पोरी, त्याने नीट सांगायला हवं होतं. स्ट्रिपवर ठळक…"

"नाव लिहिलेलं असतं. मी वाचलं नाही. दोन रविवार मी तिला ते भरून दिलं. उलट्या व्हायला लागल्यावर ती म्हणत होती, आज गोळी नको वाटते. मी रागावले तिच्यावर. पाणी घेऊन उभी राहिले. म्हटलं, आधी गीळ, मग जाईन मी कॉलेजला."

इन्स्पेक्टरबाई उठल्या, टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ गेल्या आणि काय करावं ते न कळून तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मुलगी रडत नव्हती. पिशवीकडे बघत होती.

"तुमच्याकडे आले नसते तर मला कळलंच नसतं ना?"

"नसतं कळलं."

"बाबांना माहीत आहे."

तो प्रश्न नव्हता. इन्स्पेक्टरबाईंनी मान हलवली.

त्यांनी तिला एकटी सोडली नाही. दोघी चालत घरी गेल्या.  जिने चढताना इन्स्पेक्टरबाईंचे गुडघे अडले तेव्हा मुलीने आपणहून हात पुढे केला.

दार घड्याळजीने उघडलं. त्याने आधी मुलीचा चेहरा बघितला, मग इन्स्पेक्टरबाईंचा, आणि मग दाराची चौकट धरली.

"तुम्ही सांगितलंत?"

"त्यांनी नाही सांगितलं," मुलगी म्हणाली. "त्या खोटं बोलत होत्या. तुमच्यासारखंच." ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "तुम्हाला त्याच सकाळी कळलं होतं?"

"हो."

"म्हणजे तेव्हापासून रोज तुम्ही माझ्याकडे बघत होतात. हे माहीत असून. जेवताना, सगळीकडे."

"बघत होतो."

"कसं जमलं?"

"तू पोर आहेस माझी." त्याने चौकट सोडली. "आईवर तुझा राग राहिला असता तरी चाललं असतं गं. वर्षं गेली की माणूस मेलेल्यांना माफ करतो. स्वतःला करत नाही."

"मला आई हवी होती, बाबा. निदान चांगली म्हणून आठवायला. मी भांडून तिला तेवढं परत मिळवायला गेले." तिने तोंडावर हात दाबला. बोटांमधून तिचा आवाज आला. "आणि मिळालीसुद्धा. ती कुठे जाणार नव्हती. ती गोळी घेत होती, कारण मी देत होते."

घड्याळजी पुढे झाला. त्याने तिला धरायचा प्रयत्न केला आणि ती जिन्यातच खाली बसली. तोही तिच्याशेजारी, पायरीवर बसला. इन्स्पेक्टरबाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. 

आतून पलंग करकरला.

"कोण आलंय गं?" आजींनी विचारलं. "दारात कसली कुजबुज चाललीये? माझ्या गोळीची वेळ झाली, विसरलात का सगळे?"

घड्याळजीने डोळे मिटून घेतले. मुलीने ओढणीने चेहरा पुसला, एकदा, मग परत एकदा. खोल श्वास घेतला आणि बापाच्या खांद्याला धरून उभी राहिली.

"तिला कळता कामा नये," ती हळूच म्हणाली. "गोळ्या कुणाच्या होत्या ते. कधीच."

मग मोठ्याने, जवळजवळ नेहमीच्या आवाजात, तिने हाक दिली, "कुणी नाही आजी. आईच्या कामातल्या बाई आहेत. आले हं मी!"

आणि ती आत गेली.